सहा महिन्यांसाठी एक एकर?

पत्राचा सारांश : लातूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील वीस वर्षांची ही विद्यार्थिनी छत्रपती संभाजीनगर येथे स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिच्या महाविद्यालयाचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी करार असून, येत्या ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी तिची निवड झाली आहे. तेथील शिक्षणशुल्क माफ आहे. मात्र विमान, विमा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च, तिच्या अंदाजाने सुमारे सात लाख रुपये, घरानेच उभा करायचा आहे. घरची जमीन सहा एकर. मागच्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचे गेले. वडील एक एकर विकण्यास तयार आहेत, मोठा भाऊ ‘ही फिरायलाच चालली आहे’ म्हणतो, आणि आजीचे म्हणणे असे की आपल्यातले कोणी इतके लांब कधी गेले नाही. परत आल्यावर कॅम्पस मुलाखती हुकतील, ही भीती वेगळीच. अशी संधी पुन्हा येणार नाही, असेही तिला वाटते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा ती चौथीत होती आणि पाण्याचा विषय तेव्हापासून मनात बसला, असे ती लिहिते. पुढे तिचेच शब्द : ‘दादा अगदीच खोटे बोलत नाही. मला तिथले विषय शिकायचे आहेत, पण त्याहून जास्त मला रेल्वेत बसून ते देश पाहायचे आहेत. हे मी घरी कोणाला सांगितलेले नाही. बापाच्या जमिनीच्या पैशावर फिरायची इच्छा धरणे मला पाप वाटते. मी जावे का? आणि हे घरी सांगावे, की मनातच ठेवावे?’

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत, आणि दुसरा तू शेवटी, जवळजवळ दबक्या आवाजात विचारला आहेस. मी मात्र तेथूनच सुरुवात करणार आहे, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे माणसे घराबाहेर पडत नाहीत असे नाही. तुळजापूरला जातात, पंढरीला पायी जातात, दवाखान्यासाठी सोलापूर गाठतात, आणि ऊसतोडीला तर गावेच्या गावे सहा महिने बाहेर असतात. परंतु यातल्या प्रत्येक जाण्याला एक कारण असते आणि ते कारण चारचौघांत सांगता येते. नुसते पाहण्यासाठी जाणे, या गोष्टीला आपल्या घरांमध्ये मान्य असे नावच नाही. म्हणून ती इच्छा मनात आली की ती चैन वाटते आणि पैसा जमिनीचा असला तर पाप वाटते. तुझ्या अपराधी भावनेचे मूळ येथे असावे. तुझ्या भावाने ‘फिरणे’ हा शब्द शिवीसारखा वापरला आणि तू तो तसाच स्वीकारलास. तो तसा का स्वीकारावा, एवढेच मी तुला प्रथम विचारते.

तू स्थापत्य अभियंता होणार आहेस आणि तुझा विषय पाणी आहे. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नावाचा कोळशाचा आणि पोलादाचा जुना पट्टा आहे. तेथील एम्शर ही नदी शंभरहून अधिक वर्षे उघड्या गटारासारखी वाहत होती, कारण खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे टाकणे शक्य नव्हते. खाणी बंद होत गेल्या आणि १९९२ मध्ये ती नदी पुन्हा नदी करण्याचे काम हाती घेण्यात आले. सुमारे ५१ किलोमीटर लांबीची सांडपाण्याची वाहिनी जमिनीखालून नेण्यात आली, साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास खर्च झाला, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी येणे थांबले. ही माहिती तुला ग्रंथालयात बसूनही मिळेल. पण तू ज्या शहरात शिकतेस तेथील खाम नदीच्या पुलावरून नाक दाबून गेलेली मुलगी एम्शरच्या काठाने एक दिवस चालली, तर तिला जे दिसेल ते ग्रंथालयात दिसणार नाही. तो दिवस अभ्यासाचा म्हणायचा की फिरण्याचा? तुझ्या भावाला हा प्रश्न जरूर विचार. भांडणासाठी नव्हे, खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचार.

अर्थात प्रत्येक प्रवासाला असा अभ्यासाचा सदरा घालून घरच्यांसमोर उभे करावे, असेही मला म्हणायचे नाही. काही ठिकाणी तू केवळ बर्फ पाहायला जाशील. जावेस. विसाव्या वर्षी बर्फ पाहावासा वाटणे यात खुलासा देण्यासारखे काही नाही. फक्त ते लपवू नकोस. तू मनात ठेवलेस तरी ते मनात राहणार नाही; डिसेंबरमध्ये कोणीतरी मैत्रीण प्राग शहरातला फोटो टाकील, तो भावाच्या मोबाईलवर पोहोचेल, आणि त्या एका फोटोने तुझ्या सहा महिन्यांचा प्रामाणिक अभ्यासही संशयात येईल. शिवाय लपवून केलेल्या प्रवासात तुला स्वतःलाही सुख लागणार नाही. वडिलांना आधीच सांगितलेस, तर ते कदाचित नाराज होतील, कदाचित हसतील. मला वाटते त्यांना थोडीफार कल्पना असणारच. जो माणूस मुलीसाठी एकर विकायला निघाला आहे, त्याला मुलीचा चेहरा वाचता येत नसेल असे धरून चालणे त्याच्यावर अन्याय आहे.

आता जमिनीविषयी. येथे मी सौम्य बोलणार नाही. एका सत्रासाठी जमीन विकू देऊ नकोस.

तुझ्या वडिलांच्या मापाने हा खर्च मोजून पाहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. बाजारात तो मिळतोच असे नाही, पण मिळाला असे धरले, तरी सात लाख रुपये म्हणजे एकशे एकतीस-बत्तीस क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल पिकले तर तुमच्या सहाही एकरांचे दोन वर्षांहून अधिक काळाचे पीक, आणि तेही बियाणे, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता. अशा घरात एक एकर कमी होणे म्हणजे नुसते सहाचे पाच होणे नव्हे. पुढच्या अतिवृष्टीला किंवा पुढच्या कोरड्या वर्षाला तोंड देण्याची ताकद तेवढी कमी होणे आहे. आणि मनाचेही सांगते. विकलेल्या एकरावर गेलेली मुलगी तेथे मोकळेपणाने एक कप कॉफी पिऊ शकत नाही. तिला प्रत्येक युरोमागे बांध दिसतो.

ही संधी पुन्हा येणार नाही, हे तुझ्या पत्रातले आणखी एक गृहीतक. ते तपासून घे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांमध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क आकारले जात नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारखे काही अपवाद आहेत. म्हणजे पदवी झाल्यावर पाण्याच्या अभियांत्रिकीचा दोन वर्षांचा संपूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम तुला तेथे करता येण्याजोगा आहे. त्या वेळी कर्ज काढावे लागले तर हातात पदवी असेल. हे सत्र त्या दृष्टीने चाचणी आहे. चाचणीसाठी घराने जेवढी किंमत मोजावी तेवढीच मोजावी.

मग पैसे कोठून आणायचे? प्रथम तुझा सात लाखांचा आकडा सोलून पाहू. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी निर्वाहाचा पुरावा म्हणून बंद खात्यात, म्हणजे ज्याला तेथे ‘श्पेरकोन्टो’ म्हणतात त्यात, सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम ठेवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे सहा लाख. आपल्याकडे अनेक पालक ही रक्कम म्हणजे भरायची फी समजतात. ती फी नाही. ते तुमचेच पैसे असतात, तेथे पोहोचल्यावर दरमहा तुझ्याच हातात येतात, आणि तू काटकसरीने राहिलीस तर उरलेले घरी परत येतात. वसतिगृहात खोली मिळाली आणि स्वयंपाक स्वतः केलास, तर काही रक्कम उरू शकेल. मात्र वसतिगृहाचा अर्ज निवडीचे पत्र हाती पडले त्याच आठवड्यात करावा. बाहेर खोली शोधण्याची वेळ आली की हा सगळा हिशेब कोसळतो. विमानाचे जाणे-येणे, ७५ युरोंचे व्हिसाशुल्क, मुंबईच्या खेपा आणि थंडीचे कपडे हा भाग मात्र खरोखरच खर्चाचा आहे.

दुसरे, तुझ्या महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन एक प्रश्न स्पष्ट विचार : हा करार केवळ शुल्कमाफीचा आहे, की त्यामागे निधी आहे? युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत दोन संस्थांमध्ये तसा करार असेल, तर विद्यार्थ्याला दरमहा निर्वाहभत्ता आणि प्रवासाचे पैसे मिळतात. त्यासाठी विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे अर्ज करता येत नाही, तो आपल्या संस्थेमार्फतच जातो. म्हणूनच तो प्रश्न तुलाच विचारावा लागेल. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीविषयी मला अनेक पत्रे येतात, म्हणून सर्वांसाठी सांगते, की ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे, एका सत्रासाठी नाही.

निधी नसेल तर शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा जमिनीसारखे तारण मागत नाहीत, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते. पण तुझ्या बाबतीत दोन अडचणी संभवतात. एक म्हणजे काही बँका पूर्ण पदवीलाच कर्ज देतात. भारतीय पदवीच्या मध्ये येणाऱ्या परदेशी सत्राला देतील का, हे शाखेत तोंडी नव्हे, लेखी विचारावे. दुसरी अडचण आपल्या भागातली. वडील सहकर्जदार असतात, आणि त्यांचे पीककर्ज थकलेले असेल तर तुझा अर्ज तेथेच अडतो. मागच्या वर्षीच्या पावसानंतर हे अनेक घरांत झाले असणार. तसे असेल तर भाऊ सहकर्जदार होऊ शकतो का, हे विचारून पाहा. जो भाऊ आज टोमणे मारतो आहे त्याच्याकडेच जायचे, हे तुला आवडणार नाही. तरी जा. बाहेर ठेवलेला माणूस टोमणे मारतो. हिशेबात घेतलेला माणूस बहुधा हिशेब करतो.

तेथे अर्धवेळ काम करून पैसे फेडीन, असा आकडा मात्र कोठेही धरू नकोस. भाषा कच्ची, मुक्काम सहा महिन्यांचा, आणि परीक्षा डोक्यावर. मिळाले तर वरचे समजायचे.

आता ज्याविषयी तू काहीच लिहिले नाहीस आणि जे मला सर्वात काळजीचे वाटते, ते वेळापत्रक. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, आणि परीक्षा त्यानंतर, कधी कधी मार्चपर्यंत लांबतात. तुझे येथील पाचवे सत्र जुलैत सुरू होईल आणि सहावे जानेवारीत. म्हणजे कागदावर एक सत्र असले तरी प्रत्यक्षात ते दोन सत्रांना खाते. सहाव्या सत्राची हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिके यांचे काय, याचे उत्तर निघण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घे. माझ्या ओळखीतील एक विद्यार्थी असाच गेला, चांगले गुण घेऊन आला, आणि येथे आल्यावर दोन विषयांची नावे जुळत नाहीत म्हणून ते विषय त्याला पुन्हा द्यावे लागले. कोणी दुष्टपणा केला नव्हता; आश्वासन देणारे अधिकारी बदलले होते आणि कागद नव्हता.

तो कागद म्हणजे ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’. तू तेथे कोणते विषय घेणार आणि येथे ते कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहिलेले असते. तुझी, येथील महाविद्यालयाची आणि तेथील विद्यापीठाची अशा तिघांच्या सह्या असतात. युरोपात एका सत्राचे ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. फिरायचे आहे म्हणून निम्मेच विषय घ्यायचे, हा मोह होईल. तुमच्या महाविद्यालयाला किमान किती क्रेडिट हवेत ते पाहूनच तो आवरायचा की नाही ते ठरव. तेथे बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते, सत्रभर कोणी विचारत नाही, आणि शेवटी एकच परीक्षा असते, जिची नोंदणी मुदतीत स्वतः करावी लागते. गुणांची शिडीही उलटी आहे : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर, ५.० नापास. घरी फोनवर ‘पाच आले’ म्हणून सांगितलेस तर आजी पेढे वाटेल, एवढे लक्षात ठेव.

कॅम्पस मुलाखतींची भीती मात्र तू सोडून दे. त्या प्रामुख्याने सातव्या सत्रात होतात आणि तू पाचव्यात जाते आहेस. हेच आमंत्रण चौथ्या वर्षात आले असते तर मी वेगळे लिहिले असते.

फिरण्याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण तू विचारले नसलेस तरी त्याच तुला हव्या असणार. दीर्घ मुदतीच्या जर्मन व्हिसावर शेंगेन या युरोपीय देशांच्या गटातील इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येते. गटात आज २९ देश आहेत. लंडन त्यात नाही. जर्मनीत ‘डॉइचलांड-टिकेट’ नावाचा मासिक पास यंदा ६३ युरोंना आहे आणि अनेक विद्यापीठांत, शिक्षणशुल्काहून वेगळ्या अशा सत्रशुल्कातच तो सवलतीने मिळतो. त्यावर देशभरच्या प्रादेशिक गाड्या, शहरबस आणि ट्राम चालतात, जलद आयसीई गाड्या नाहीत. तुला तर खिडकीशी बसून जायचे आहे, तेव्हा हळू गाडीच बरी. परीक्षेनंतरचे दोन आठवडे लांबच्या प्रवासासाठी राखून ठेव, आणि परतीचे तिकीट त्या हिशेबाने काढ. सत्र चालू असताना महिन्याला एखादा शनिवार-रविवार पुरे.

आणि त्या दोन आठवड्यांत इटलीला गेलीस, तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती भारतातून गेलेली आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती कोठे मिळाल्या माहीत आहे का? एक तुझ्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून आणि पैठणहून माल गाड्यांवर भडोचच्या बंदराकडे जात असे, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. जाण्यापूर्वी एका रविवारी आजीला घेऊन तेरचे संग्रहालय पाहून ये. आपल्यातले कोणी इतके लांब गेले नाही, असे ती म्हणते. माणसांचे सांगता येत नाही. येथल्या हातांनी घडवलेल्या वस्तू मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच जाऊन आल्या आहेत.

तेथील कठीण दिवसही सांगून ठेवते. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात, आणि तुझ्या जिल्ह्यात येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण असतो त्या दिवसांत, शिवारात भज्जी आणि आंबील चालू असताना, तू एका खोलीत पाव खात बसलेली असशील. रडू येईल. घरून येसूर आणि ज्वारीचे थोडे पीठ ने, आणि घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे हे आईला आधीच समजावून ठेव, म्हणजे तू फोन उचलला नाहीस की ती रात्रभर जागणार नाही.

ज्यांच्या महाविद्यालयाचा असा कोणताही करार नाही आणि ज्यांना एजंटांकडून ‘परदेशात एक सत्र’ या नावाची पॅकेजे दाखवली जात आहेत, त्यांनी एकच गोष्ट पाहावी : तेथील क्रेडिट आपले विद्यापीठ गुणपत्रिकेवर घेणार का? लेखी होकार नसेल, तर ती सहल आहे. सहल वाईट नाही, पण सहलीसाठी कर्ज काढू नये.

तर माझे उत्तर असे. इरॅस्मस निधी किंवा कर्ज यातून पैसा उभा राहिला, आणि सहाव्या सत्राचा कागद सहीसह हाती आला, तर जा. मे महिन्याच्या अखेरपर्यंत यातले एक जरी राहिले, तर यंदा नकार कळव आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लाग. जर्मन भाषेची पहिली पायरी दोन्ही वाटांवर उपयोगी पडेल. पासपोर्ट नसेल तर अर्ज याच आठवड्यात कर, १,५०० रुपये लागतात, आणि तो कोणत्याही निर्णयात वाया जात नाही.

येत्या सुटीत गावी जाशील तेव्हा एक वही घेऊन बस. वडील आणि भाऊ दोघांनाही समोर बसव. विमान, विमा, खोली, जेवण, सत्रशुल्क असे रकाने पाड आणि प्रत्येकापुढे आकडा लिही. त्यात ‘प्रवास आणि फिरणे’ असा एक रकाना असू दे, पुढे तुझा खरा आकडा असू दे, चाळीस हजार तर चाळीस हजार. तो रकाना तळाशी ‘इतर’मध्ये घालू नकोस, खोलीच्या खाली, जेवणाच्या वर लिही. आणि वडिलांनी त्यावर बोट ठेवून विचारले, की लगेच एम्शर नदीचे नाव पुढे करू नकोस. ‘मला बघायचे आहे’ एवढेच आधी सांग.